गच्चीवरचे सोडे

हे मी ह्यांच्याजवळही कधी बोलले नाही. काय घडलं ते ह्यांना माहीत आहे, आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. पण त्यात मी काय केलं — ते माझ्याशिवाय एकाच बाईला ठाऊक आहे, आणि ती आता इथं राहत नाही. तुमची माझी ओळख नाही, तरी शेजारी बसल्यासारखं सांगते.

आधी घराचं सांगायला हवं. दापोलीहून हर्णेकडे उतरताना सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर, आमची टाउनशिप आहे. कमानीवर इंग्रजीत लांबलचक नाव आहे. गावातले लोक मात्र ‘टाकीवरच्या बिल्डिंगा’ म्हणतात. निम्म्या घरांना वर्षभर कुलूप. मालक दिवाळीत आणि मे महिन्यात येतात, समुद्राचे फोटो काढतात, आमच्याकडून आमसुलं नेतात आणि जातात. कायमची राहणारी मोजकी कुटुंबं, आणि सोसायटी चालवतात तीच. ह्यांची सगळी नोकरी बदल्यांत गेली. गळक्या सरकारी क्वार्टर्समध्ये भांडी मांडता मांडता मी म्हातारी झाले. त्यामुळे स्वतःचं घर, लिफ्ट, नळाला पाणी — मला हे घर हवं होतं. फार हवं होतं.

घर बघायला आलो तेव्हा सोसायटीचे अध्यक्ष भेटले. पुण्याचे निवृत्त प्राध्यापक, सगळे त्यांना नाना म्हणतात. त्यांनी चहा पाजला आणि अगदी सहज विचारलं, आपण शाकाहारीच ना? असा नियम लेखी कुठंही नाही. हे जमिनीकडे बघायला लागले. मी म्हटलं, हो तर, आमचे सासरे माळकरी होते. माझं माहेर बुरोंडीचं. अक्षरं ओळखायच्या आधी मी मासे ओळखायला शिकले. आणि सासऱ्यांना मरणाच्या आदल्या दिवशीसुद्धा तिसऱ्यांचं कालवण हवं होतं.

पण मला सांगायचं आहे ते हे नव्हे. हे खोटं मी हसत हसत कुणालाही सांगेन. खिडक्या लावून बांगडा तळायचा, वर धूप घालायचा, हर्णेच्या मासळीच्या लिलावाला जाताना ‘फिरायला जातो’ म्हणायचं — त्यात गंमतसुद्धा होती.

आमच्या शेजारच्या घरात, भिंतीला भिंत लागून, रेहाना राहायची. भाड्याने. नवरा बोटीवर, वर्षातून दोनदा घरी. ती उर्दू शाळेत शिकवायची. घराचा मालक ठाण्याचा, त्याने सोसायटीला न विचारताच तिला जागा दिली होती. लोक कुरकुरले. मग तिने नानांना शब्द दिला की घरात मासळी-मटण शिजणार नाही, आणि तो पाळला. मासे खायचे ते हर्णेला, आईकडे जाऊन. तेव्हा नियम पाळत होती ती. मी नव्हते.

आणि तिला ते माहीत होतं. एकदा जिन्यात हळूच म्हणाली होती, धूप जरा जास्त घाला. तेव्हापासून आमचं जमलं. तिच्या आईकडून माझ्यासाठी साफ केलेली मासळी शाळेच्या पिशवीतून यायची. मी तिला पुरणपोळ्या द्यायचे. ती माझी मैत्रीण होती असं म्हणू का? तेव्हा म्हणत होते.

त्या वर्षी रेहानाने ते घर विकत घ्यायचं ठरवलं. आईचे गुडघे गेले होते. हर्णेचं घर पाखाडीच्या दगडी पायऱ्यांच्या वर, उतरणं-चढणं होईना. इथं लिफ्ट होती, दवाखाना जवळ होता. मालक तयार होता. फक्त सोसायटीची ना हरकत हवी होती, आणि त्यासाठी मे अखेरच्या रविवारी मीटिंग ठेवली होती.

त्याच आठवड्यात तिच्या आईने मला सोडे पाठवले. कोळंबी सोलून वाळवलेली, पावसाळ्याची बेगमी. निरोप होता की आणखी एक ऊन दाखवा, नाहीतर बुरशी धरेल. आता ऊन दाखवायचं कुठं? आमच्या गच्चीवर मे महिन्यात पाय ठेवायला जागा नसते. आंबापोळीची ताटं, कुरडया, आमसुलं. मला वाटलं, त्या गर्दीत कोण बघतंय. माझ्या माहेरी दारादारात सोडे पसरलेले असायचे. त्यांना वास असतो हेच मी विसरले होते. आंबापोळीच्या ताटांमागे, टाकीच्या आडोशाला मी ते पसरले आणि वर पंचा घातला.

दुपारी नानांच्या बायकोने तो पंचा उचलला. तिला वाटलं, आंबोशी असेल.

मीटिंगमध्ये घराचा विषय निघालाच नाही. सोड्यांचा निघाला. कुणी रेहानाचं नाव घेतलं नाही, सगळे नुसते तिच्याकडे बघत होते. ती उभी राहिली आणि म्हणाली, माझे नाहीत. एवढंच. कुणाचे आहेत ते म्हणाली नाही. तिच्याच आईच्या हातचे होते ते. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मग नाना माझ्याकडे वळले. वहिनी, तुमचं दार शेजारीच आहे, तुम्हाला काही कल्पना?

त्या क्षणी मी काय काय बोलू शकले असते? ‘माझे आहेत’ म्हणायचं होतं. काय झालं असतं? घर आमच्या नावावर होतं, मला कुणी बाहेर काढणार नव्हतं. फार तर सोसायटीच्या सत्यनारायणाचा शिरा माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला करायला सांगितला असता. बायका चार दिवस कुजबुजल्या असत्या. एवढीच भीती होती. तुम्ही विचाराल, एवढ्यासाठी? हो, एवढ्यासाठी. किंवा नुसतं ‘मला माहीत नाही’ म्हणता आलं असतं. तेही खोटंच, पण त्याने कुणाचं काही गेलं नसतं.

मी म्हटलं, “जाऊ दे ना नाना. मी कशाला कुणाचं नाव घेऊ?”

बघा, ह्यात खोटं एक अक्षर नाही. आणि त्या खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर मिळालं. नाना म्हणाले, वहिनींचा मोठेपणा. ह्यांना मी घाबरून गुळमुळीत बोलले असं वाटलं, अजून तसंच वाटतं. पण मी घाबरून बोलले नाही. शब्द निवडून बोलले. ते कसे ऐकले जातील हे बोलायच्या आधी मला माहीत होतं.

ना हरकत मिळाली नाही. कारण लिहिलं नाही, विषय पुढे ढकलला, मग पुन्हा ढकलला. मालक कंटाळला. भर पावसाळ्यात रेहानाने सामान हलवलं.

जायच्या दिवशी ती माझ्या दारात आली. माझा एक डबा तिच्याकडे राहिला होता, तो घासूनपुसून आणला होता. मी काहीतरी बोलायला लागले — मला वाईट वाटलं, लोकं कशी असतात, असलंच काहीतरी. तिने ते ऐकून घेतलं. मग अगदी शांतपणे म्हणाली, “वहिनी, तुमी नुसत्या गप ऱ्हायल्या असतात तरी चाललं असतं.”

आणि लिफ्टमध्ये गेली. ती रागावली असती तर मी आतापर्यंत विसरले असते.

तिची आई अजून हर्णेलाच आहे. आता खाली उतरत नाही, असं बाजारात कळलं. मी भेटायला गेले नाही.

आणखी एक राहिलं. हे लिहिताना ते टाळून संपवता येईल का, असंही मनात येऊन गेलं. पावसाळ्यानंतर तो ठाण्याचा मालक आमच्याकडे आला. घर पडून होतं, त्याला मोकळं व्हायचं होतं. आमच्या मुलाला इकडे जागा हवीच होती. नानांनी ना हरकतीवर त्याच दिवशी सही केली, वर पेढे मागितले. मीटिंगमध्ये बोलताना ह्या घराचा विचार माझ्या मनात नव्हता, असं मी म्हणते. खरं काय ते मलाही माहीत नाही.

मधली भिंत पाडून आम्ही दोन्ही घरं एक केली. रेहानाने एकदा मला हात धरून ह्या खोलीत आणलं होतं आणि म्हणाली होती, अम्मीचा पलंग इथं, म्हणजे पडल्या पडल्या तिला हर्णेच्या बोटी दिसतील. त्या खिडकीशी आता माझं टेबल आहे. हे सगळं मी तिथंच बसून लिहिलं.