वेगळ्या बसवलेल्या दोघी

विज्ञानाच्या शिक्षणाने मला एक शिस्त लावली होती: दोन नमुने जवळ ठेवायचे नाहीत, एकाचा अंश दुसऱ्यात उतरतो. वस्तीची हकीकत नोंदवायला रेकॉर्डर घेऊन मी आष्टीकडच्या आमच्या पारधी वस्तीवर गेले, तेव्हा ही शिस्त माझ्यासोबत होती.

वस्तीला गायरानाचा तुकडा मिळाला तो दोन बायकांमुळे. एक माझी आत्या, दुसरी तिची सोबतीण. तिला सगळे मावशी म्हणत. आम्हाला तिथून हुसकवायला झोपड्या पेटवल्या गेल्या तेव्हा आत्या पेरलेल्या रानात उभी राहिली आणि मावशी पायी तालुक्याला गेली. कचेरीच्या दारात बसून, आठवड्याने जमिनीचा कागद घेऊनच ती परतली. त्या आठवड्याबद्दल इतरांना एवढेच आठवते. सविस्तर ठाऊक होते ते मावशीला, आणि तिच्याकडून शंभरदा ऐकलेल्या आत्याला.

दोघी ही हकीकत नेहमी मिळून सांगत. रानातले आत्या सांगे, कचेरीतले मावशी. साक्षी स्वतंत्र हव्यात म्हणून मी आत्याला आत बसवले आणि मावशीला पलीकडच्या लिंबाखाली थांबायला सांगितले. मावशी हसत सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली, “शिकली बाई पोरगी. आमाला चौकीवानी येगळं येगळं बसवायलीय.”

जमलेल्या बायका हसल्या. मीही हसले. पारध्याच्या पोरीला पोलीस चौकीच्या त्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही, तरीही मी पद्धत बदलली नाही. आत्याचे निवेदन उतरवून काढावे, त्यावरून प्रश्न तयार करावेत आणि मग मावशीकडे यावे, असा माझा आराखडा होता. त्यात तीन आठवडे गेले. तेवढ्यात मावशी ऊसतोडीला गेली आणि तिथे तापाने वारली.

आत्याच्या ध्वनिफितीत कचेरीचा भाग नव्हता. मी पुन्हा गेले; निदान तिने तरी सांगावे म्हणून विनवले.

“ते तिचं हाय,” आत्या म्हणाली. “तिच्या तोंडचं मी कावून सांगू?”

मी म्हणाले की आता ते हरवेल, वस्तीतल्या मुलींना कधीच कळणार नाही. तिने ऐकून घेतले. मग पहिल्यापासून सांगायला लागली: पेरणी, आग, रानातला मार. मावशी तालुक्याच्या वाटेला लागली तिथे ती थांबली, मावशीला सांगायला जितका वेळ लागत असे तितका वेळ गप्प बसली आणि कागद आल्यापासून पुढे सुरू झाली.

मी तिला अडवले. तिकडे काय झाले, एवढेच विचारले.

“तवा तिला इचारायचं हुतंस,” आत्या म्हणाली, आणि पुढचे सांगू लागली.