बाहेरून कुलूप

साहेबांनी ते हसत हसत सांगितलं, म्हणून जास्त झोंबलं. "मॅडम, क्लायंटला आता अजाइलचा सर्टिफाइड माणूस लागतो. दिवाळीपर्यंत करून टाका, नाहीतर तुमची टीम दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल." माझी टीम! कुणाला सोमवारी सकाळी छेडायचं नाही, कुणाच्या बायकोचं बाळंतपण जवळ आलंय, कोण 'झालं' म्हणतो तेव्हा काम निम्मंच झालेलं असतं, हे सगळं मला तोंडपाठ. ती म्हणे दुसऱ्याला द्यायची.

तसं आमच्याकडे काम अजाइल पद्धतीनेच चालायचं. मोठं काम लहान लहान तुकड्यांत करायचं आणि कोणी काय, कसं करायचं ते टीमने आपलं आपण ठरवायचं. निदान बोलण्यापुरतं तरी. सर्टिफिकेटं दोन दिसत होती. एक सुटसुटीत, चार पुस्तकं वाचून मिळवता येईल असं. दुसरं आधी अनुभव दाखवा म्हणणारं, लांबलचक परीक्षेचं. "सोपं घे ना," नवरा म्हणाला, "विचारतंय कोण?" पण सोपं तर ऑफिसातल्या सगळ्यात नव्या पोरीकडेही होतं. मी अवघड निवडलं. स्वभावाला औषध नाही.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, जीन्सच्या दुकानाच्या वर, एक सिंधी सर शनिवारी क्लास घ्यायचे. तिथल्या सराव परीक्षांत मी सारखी आपटत होते. टीममधला एकजण कामात अडलाय, काय कराल? माझं उत्तर ठरलेलं: त्याचं काम मी हातात घेईन. चूक. दोघांचं वाजलंय? दोघांना वेगवेगळं बोलावून मिटवेन. तेही चूक. सर कपाळाला हात लावायचे. "मॅडम, पढ़ाई का प्रॉब्लेम नहीं है. आप हर जगह बीच में घुस जाती हो. टीम को पूछो ना!" मला त्यांचा भयंकर राग यायचा. विचारत बसले असते तर अर्धी कामं आजही लटकलेली असती.

घरी तरी वेगळं काय होतं? सोनिवलीचं आमचं घर माझ्या तोंडावर चालतं. कुकरच्या शिट्ट्या किती, मुलीच्या डब्यात काय, नवरा अंबरनाथच्या कंपनीतून येताना काय आणणार, सगळं मीच सांगायचं. आणि परीक्षा घरूनच द्यायची होती. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कोणीतरी पाहत बसणार. खोलीत दुसरं कोणी नको, बोलण्याचा आवाज नको, मधेच खुर्ची सोडली की परीक्षा तिथेच खलास.

आदल्या संध्याकाळी सूचना द्यायला तोंड उघडलं आणि सर आठवले. मग एवढंच म्हटलं, "उद्या परीक्षा होईपर्यंत मला घरात आवाज नकोय. कसं ते तुम्हीच ठरवा." सासूबाई बारवीकडच्या गावातल्या. या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय, ती फ्लॅटमध्ये येऊनही गेलेली नाही. त्याच म्हणाल्या, "तू बस गं. आमी बगतो." मला खरी धास्ती त्यांच्याच आवाजाची होती.

परीक्षा सुरू झाली. पहिले काही प्रश्न बरे गेले. मग बाहेर काहीतरी धाडकन वाजलं. पाठोपाठ जिन्यावर बरीच पावलं, घाईघाईने उतरणारी. आणि मग काहीच नाही. टीव्ही नाही, भांडं नाही, सासूबाईंची एक हाक नाही. आमच्या घरात अशी शांतता मी कधी ऐकलीच नव्हती.

मागच्याच महिन्यात सासूबाई बाथरूममध्ये चक्कर येऊन पडल्या होत्या. पुन्हा पडल्या असतील. उचलून खाली नेलं असेल, आणि मीच आवाज नको म्हटलं म्हणून मला कोणी सांगितलं नसेल. मी दाराकडे पाहिलं. लगेच स्क्रीनवर सूचना आली, नजर समोर ठेवा.

समोर प्रश्न होता: टीमवर अचानक अडचण आली आहे, तुम्ही काय कराल? मला हसू आलं नाही. हात खुर्चीच्या कडेवर आले होते. उठले की टीम गेली. न उठावं आणि बाहेर काही बरंवाईट झालेलं असावं, तर मग कसली टीम? नवरा आहे घरात, मी स्वतःला म्हणत होते, तो बघेल, ते बघतील. आयुष्यात पहिल्यांदा असं म्हणत होते, आणि त्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. 'टीमलाच मार्ग शोधू द्या' यावर टिक केली आणि पुढे गेले. उरलेले प्रश्न कसे सोडवले ते मला आठवत नाही.

शेवटी स्क्रीनवर आलं, पास. मी वाचलं आणि धावले. घर रिकामं. दार ओढलं, तर बाहेरून कुलूप! सासूबाईंचा फोन ओट्यावर, बंद करून ठेवलेला. नवऱ्याचा लागेना. रडायचीच बाकी होते. गॅलरीत गेले आणि खाली वाकून पाहिलं.

खाली पार्किंगच्या सावलीत चटई अंथरून सगळे बसले होते. सासूबाई वाल सोलत होत्या, ठणठणीत. मुलगी वहीत चित्र काढत होती. नवरा गेटपाशी कुरिअरवाल्याकडून पाकीट घेत होता. दाराला कुलूप दिसलं की आलेला माणूस बेल न वाजवता मागे फिरतो, ही सासूबाईंची गावाकडची युक्ती. दुपारचे रिकामे डबेही शेजारी पडलेले दिसले, म्हणजे जेवणंसुद्धा उरकली होती.

जीव भांड्यात पडला, आणि त्याच क्षणी कुठेतरी खुपलंही. मी झालं, झालं, असे हात हलवले. सासूबाईंनी वर पाहिलं. डोळे वटारले, ओठांवर बोट ठेवलं आणि हातानेच दटावलं, आत जा, गप बस.

मी पास झाले होते. आणि खाली कुणाचंच माझ्यावाचून काही अडलं नव्हतं.