रोवेनाचे मंगळवारचे फोन

रोवेना स्टॉट्सला खुर्चीत बसलेली मी कधी पाहिली नाही. आमच्या कॉलेजच्या विद्यार्थी कचेरीत दाराशीच तिचं टेबल, टेबलामागे चांगली गादीची खुर्ची, आणि त्या खुर्चीवर कायम तिची पर्स. ती स्वतः उभी. उभ्याने फोन, उभ्याने टायपिंग, सँडविचसुद्धा उभ्यानेच. नदीकाठच्या बाटल्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं तिने पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या बाटल्यांतली तडकलेली बाटली हेरून बाजूला काढायचं काम केलं होतं. कारखाना बंद पडला आणि ती इकडे आली, पण पायांना ते कोणी कळवलं नसावं. "बसलं की काहीतरी नजरेतून निसटतंय असं वाटतं," म्हणायची.

मी खाली तळघरात, बॉयलरच्या शेजारी. कॉलेजचा आकडेवारी विभाग म्हणजे मी एकटा. किती आले, किती टिकले, किती गळाले हे मोजायचं आणि वरच्यांना सांगायचं. वरच्यांना आकडा आवडला तर तो भाषणात जातो, नाही आवडला तर "पुन्हा तपासा" म्हणून माझ्याकडे परत येतो. एकोणीस वर्षं माझं हेच चाललंय. रोवेना मला आकडेबहाद्दर म्हणते, आणि ते कौतुकाने म्हणते असा माझा काही गैरसमज नाही.

आमचं दोन वर्षांचं कॉलेज. शंभर जण पहिल्या वर्षाला येतात, त्यातले पंचेचाळीस-शेहेचाळीस दुसऱ्या वर्षी दिसतात. बाकीच्यांची गाडी बंद पडते, गोदामातली पाळी बदलते, पोर आजारी पडतं. कॉलेज सोडायला इथे कोणी अर्ज करत नाही. एक सोमवार चुकतो, मग पुढचा चुकतो, आणि आम्हाला कळेपर्यंत नोव्हेंबरअखेरचं थँक्सगिव्हिंग उजाडलेलं असतं.

यावर उपाय म्हणून कोलंबस शहरातल्या एका संस्थेने आम्हाला 'सोबत' नावाची योजना दिली. चार मार्गदर्शक नेमले. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवड्यातून एकदा आपल्या मार्गदर्शकाला भेटायचं, अडचण सांगायची, मार्गदर्शकाने ती सोडवायला धडपडायचं. जागा दीडशे, अर्ज तीनशे. म्हणून मी सोडत काढली. दीडशे आत, दीडशे बाहेर. वर्षाने दोन्ही गट तपासायचे, आणि योजनेतले विद्यार्थी बाहेरच्यांपेक्षा शंभरात निदान दहाने जास्त टिकले तरच योजना पुढे चालणार. नाहीतर चौघांना नारळ आणि योजनेला कुलूप.

सोडतीत न आलेल्या दीडशे जणांची नावं आणि फोन नंबर मी रोवेनाकडे दिले. आतला कोणी पहिल्या पंधरवड्यात गळाला, तर यादीतून पुढचं नाव घ्यायचं, एवढ्यासाठीच. "प्रतीक्षायादी आहे, खणात ठेव," मी सांगितलं, "आणि तिचं काही करू नकोस." नावांचा कागद रोवेनाच्या हाती देऊन वर असं सांगणारा मी, आणि लोक मला हुशार समजतात.

पुढच्या सप्टेंबरात आकडे आले. योजनेतले शंभरात बासष्ट टिकले होते. मी खुर्चीतून उठलोच. मग दुसरा रकाना पाहिला. बाहेरचे साठ.

दोनाचा फरक. डीन ब्रॅमवेल यांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाहिला, मागे काही नव्हतं. "म्हणजे चार माणसं वर्षभर राबली त्याचा उपयोग शून्य?"

"कागदावर तसंच दिसतंय."

"पुन्हा तपासा," ते म्हणाले.

मी पुन्हा तपासलं. तीनदा तपासलं. दोनाचा फरक मला तितका खुपत नव्हता, खुपत होते ते साठ. ज्यांना आपण काहीच दिलं नाही, ते पंचेचाळिसावरून साठावर कसे गेले? गावात काम मिळेनासं झालं की लोक कॉलेजात टिकतात, म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजचे आकडे मागवले. तिथे तेच जुने पंचेचाळीस. आठवडाभर मला अन्न गोड लागेना. संस्थेच्या बाई दहा दिवसांनी बैठकीला यायच्या होत्या. शेवटी, जे मी एरवी कधी करत नाही ते केलं. आकडा बाजूला ठेवून माणसाला बोलावलं.

टॅमरा लिची, वय चौतीस, दोन मुलं, नर्सिंगचा अभ्यास. प्रतीक्षायादीत नाव, तरी दुसऱ्या वर्षी हजर.

"कशामुळे टिकलात?" मी विचारलं.

"बर्डेटबाईंच्या धाकामुळे," ती हसत म्हणाली.

"कोण बर्डेटबाई?"

"अहो, तुमच्याच ना त्या? दर मंगळवारी फोन करायच्या. जानेवारीत माझ्या गाडीने मान टाकली. मी म्हटलं, झालं आपलं शिक्षण. तर बाई म्हणतात, 'तू टेकडीवर राहतेस ना? तिथून माझा पुतण्या रोज जातो, तो नेईल तुला.' नेलं हो त्याने, सहा आठवडे. तोंडातून शब्द काढत नाही मेला, पण वेळेवर येतो."

आमच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत बर्डेट नावाचं कोणी नाही. पण गाव लहान आहे. रोवेनाच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बर्डेटबाई मला माहीत होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो.

"रोवेना, ती प्रतीक्षायादी कुठे आहे?"

"एका ठिकाणी नाहीये," ती स्टेपलरमध्ये पिना भरत म्हणाली. "आठ घरांत आहे."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्या चर्चच्या बायकांची फोनची साखळी आहे. कोणी आजारी पडलं, कोणाचं छप्पर उडालं, की त्याचं नाव कागदावर येतं आणि या आठ जणी नावं वाटून घेऊन फोन करतात. प्रार्थना तर करतातच, पण जेवलास का, औषध आणलंस का, तेही विचारतात. रोवेना तीस वर्षं त्या साखळीत आहे. नावांचा कागद म्हटल्यावर त्याचं दुसरं काही करतात हे तिच्या गावीही नव्हतं.

"दीडशे नावं, आठ बायका," ती म्हणाली. "एकीच्या वाट्याला एकोणीस. त्यात काय मोठंसं?"

"मी तुला काय सांगितलं होतं? काही करू नकोस!"

"मग कुठे काय केलं? नुसते फोन केले."

मी डोक्याला हात लावला. "अगं बाई, दोन पातेली चुलीवर ठेवायची. एकावर झाकण, एकावर नाही. मग बघायचं, झाकणाने फरक पडतो का. तू दोन्हींवर झाकण ठेवलंस!"

"दोन्ही उकळली ना?"

"उकळली."

"मग रडतोस कशाला?"

रडण्याचं कारण मी तिला सांगितलं. फरक दिसला नाही म्हणून योजना बंद होणार. फरक का दिसला नाही हे सांगायचं, तर विद्यार्थ्यांची नावं कॉलेजबाहेर वाटली हेही सांगावं लागणार. ते कायद्याविरुद्ध आहे आणि तिच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. ती ऐकता ऐकता टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जात होती. स्टेपलर उघडत होती, मिटत होती.

"नाही सांगितलं तर मी वाचते आणि ते चौघं जातात."

"हो."

"आणि पुढच्या वर्षीच्या पोरांना कोणीच नाही."

"कोणीच नाही."

तिने खुर्चीवरची पर्स उचलली. "बैठक कधी आहे म्हणालास?"

बैठकीत ती उभी राहूनच बोलली. काही लपवलं नाही, माफी मागितली नाही, बर्डेटबाईंच्या पुतण्याचं सुद्धा सांगून टाकलं. डीन ब्रॅमवेल छताकडे बघत होते. संस्थेच्या बाई तरुण, हुशार आणि स्वभावाने चांगल्या. त्या आधी मनापासून हसल्या आणि मग गंभीर झाल्या. "चर्चमधल्या आठ बायका अहवालात कशा लिहू मी? अजून एक वर्ष देते. नवी मुलं, नवी सोडत. पण या वेळी बाहेरच्या यादीला कोणी हात लावायचा नाही."

मी म्हणालो, "तीन गट करू या का? एक योजनेचा, एक नुसत्या फोनचा, एक काहीच नसलेला?"

"तीन गटांना संख्या पुरेल?"

पुरणार नव्हती. हे मलाच सगळ्यांत चांगलं माहीत होतं.

रोवेनाची नोकरी राहिली. लेखी ताकीद मिळाली, फोन करणार नाही असं तिने सही करून दिलं. जिन्यात तिने मला गाठलं.

"आकडेबहाद्दर, एक सांग. बाहेरच्या यादीतले जे सोडून जातील, ते योजनेच्या उपयोगी पडतील?"

"हो."

"म्हणजे जितके जास्त जातील तितकं आपलं बरं."

"असं बोलू नये, रोवेना."

"बोलू नये, पण आहे ना तसं?"

"आहे," मी म्हणालो.

ते वर्ष कसं गेलं ते मी सांगू शकत नाही, कारण ते गेल्यासारखं वाटलंच नाही. नवी यादी माझ्या कपाटात, किल्ली माझ्या खिशात. मंगळवार आला की रोवेनाच्या पायाला भिंगरी लागायची. फॉर्मचे गठ्ठे लाव, परत विसकट, खिडक्या पूस, दारापर्यंत जा, परत ये. मग काहीतरी निमित्त काढून तळघरात यायची.

"गेलं का कोणी?"

"मला माहीत नाही."

मला माहीत असायचं. हजेरी दर शुक्रवारी माझ्याकडे येते. ऑक्टोबरात नऊ जण गेले, नोव्हेंबरात चौदा. प्रत्येक नाव मी वाचायचो, त्यापुढे खूण करायचो आणि फाइल बंद करायचो. आणि खोटं कशाला बोलू, त्याच वेळी मनातल्या मनात बेरीज चालू असायची, की दहाचा फरक होतोय ना. तेव्हा मला माझी लाज वाटायची, पण बेरीज थांबत नव्हती.

सप्टेंबरात निकाल लागला. योजनेतले बासष्ट. बाहेरचे शेहेचाळीस. सोळाचा फरक, स्वच्छ, कोणी बोट ठेवू नये असा. संस्थेने पाच वर्षं मंजूर केली. सभागृहात केक आला, डीन ब्रॅमवेल यांनी माझा आकडा भाषणात तीनदा घेतला, चौघं मार्गदर्शक एकमेकांच्या गळ्यात पडले. मी केकचा तुकडा घेऊन खाली आलो आणि तो तसाच टेबलावर ठेवला.

पाठोपाठ रोवेना आली.

"किती?"

"शंभरात सोळा."

"तसं नको. माणसं किती?"

"दीडशेतले चोवीस. योजनेत असते तर राहिले असते असे साधारण चोवीस."

"कोण ते?"

"ते सांगता येत नाही, रोवेना. बाहेरच्यांतले एक्याऐंशी गेले. त्यांतले सत्तावन्न तसेही गेले असते. चोवीस नसते गेले. पण कोण कुठले, हे आकड्यावरून कळत नाही."

तिने हात पुढे केला. "तुझा अभ्यास संपला ना?"

"संपला."

"मग दे. सगळ्या एक्याऐंशींना करते. आणि कायदा शिकवू नकोस मला, या वेळी कॉलेजची नोकर कॉलेजच्या फोनवरून करतेय."

मी कपाट उघडलं. तिने माझ्याच टेबलावरचा फोन ओढला, आवाज मोठा ठेवला आणि पहिला नंबर फिरवला. तो आता वापरात नव्हता. दुसऱ्यावर नुसतीच घंटा वाजत राहिली. तिसरा एका आईने उचलला. मुलगा कोलंबसला गोदामात लागलाय, आता कसला परत येतोय, म्हणाली. रोवेनाने तिच्या गुडघेदुखीची चौकशी केली आणि चौथा नंबर लावला.

एका मुलीने उचलला. मागे लहान मूल रडत होतं.

"बाळा, मी कॉलेजातून रोवेना स्टॉट्स बोलतेय. तुझं नाव आमच्या यादीत होतं."

पलीकडे मुलाला थोपटल्याचा आवाज आला. मूल मात्र रडत राहिलं.

"आदल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीचं नाव होतं त्या यादीत," मुलगी म्हणाली. "तिला दर मंगळवारी एक बाई फोन करायच्या. तिनेच मला सांगितलं, नाव दे, फोन येतो. मी ऑक्टोबर संपेपर्यंत दर मंगळवारी फोन जवळ घेऊन बसायचे. मला का नाही केला?"

रोवेनाने माझ्याकडे पाहिलं. मला सगळं उत्तर येत होतं. सोडत, दोन गट, दहाची अट, पाच वर्षांत योजनेत येणारी साडेसातशे मुलं. हे सगळं खरं आहे आणि आजही ते मी कोणालाही पटवून देऊ शकतो.

"चुकलं माझं, बाळा," रोवेना म्हणाली.

तिचं चुकलं नव्हतं. फोन माझ्या टेबलावर, माझ्या हाताच्या अंतरावर होता. मी तो माझ्याकडे घेतला नाही.