चरीत उभ्या राहणाऱ्या मॅडम

बातमी आली तेव्हा मी कॉलेजच्या मागच्या मैदानावर गोणपाटं भिजवत होतो. कोकणच्या किनाऱ्यावर सहल न्यायच्या आधी दगडांवर ओली गोणपाटं टाकायची, वरून साबणाचं पाणी सोडायचं आणि पोरांना त्यावरून चालवायचं, ही बिराजदार मॅडमची पद्धत. शेवाळलेल्या खडकावर पाय कसा टाकायचा हे सोलापुरात दुसरं कुठं शिकवणार? ऑफिसातले शिपाई आले, म्हणाले, "रघुनाथ, मॅडम गेल्या रे." दवाखान्यात होत्या, पण सहलीपर्यंत येते म्हणाल्या होत्या... नळ तसाच चालू राहिला. त्या दिवशी तालीम झाली नाही.

मी मूळचा समुद्राकाठचा. सातवीत शाळा सुटली, वडिलांच्या होडीवर गेलो. होडी फुटली तसा चुलत्यांबरोबर इथं मागाच्या कामाला आलो, आणि पुढं जीवशास्त्राच्या लॅबमध्ये बरण्या पुसायला लागलो. बरण्यांतले मासे ओळखीचे, एवढाच काय तो आधार. बोलायचो जपून. आपलं काही चुकलं, इथनं काढलं, तर जायचं कुठं, ही धास्ती सारखी असायची.

मॅडम अक्कलकोटकडच्या. एम.एस्सी.पर्यंत समुद्र बघितला नव्हता, असं स्वतःच सांगायच्या. मैदानावर फक्कीनं किनारा आखायच्या. इथं खडक, इथं प्रवाळ, ही पाण्याची रेघ. शिट्टी वाजली की सगळ्यांनी माघारी. पहिल्या वर्षी मी ते लांबून बघितलं आणि चूक दिसली. त्यांनी भरती समोरनं, सरळ रेघेत येताना दाखवली होती. ते खडक माझ्या पायाखालचे. तिथं पाणी आधी खडकांमागच्या खोलगट चरीतनं गुपचूप भरतं. माणूस पुढं बघत राहतो आणि परतायची वाट बुडालेली असते. सांगावं तर मी सातवी शिकलेला, न सांगावं तर पस्तीस पोरं... शेवटी चहा द्यायला गेलो. "मॅडम, पाणी मागनं येतं," एवढंच बोललो.

त्यांनी कप खाली ठेवला, मला मैदानावर नेलं, चपलेनं आपली रेघ पुसली आणि फक्कीचा डबा माझ्या हातात दिला. "मग तूच काढ की." एक पोरगा हळूच म्हणाला, "आज रघुमामांचं लेक्चर हाय व्हय?" हशा पिकला. मॅडम म्हणाल्या, "हसून झालं असेल तर वह्या काढा. मला जे ठाऊक नव्हतं ते हा सांगतोय." मी चर काढली, तशा त्या जाऊन बरोबर चरीतच उभ्या राहिल्या. "पाणी आधी हितं येणार ना? मग मी हितं. घोटा भिजला की शिट्टी." त्यानंतर दरवर्षी, मैदानावर आणि खऱ्या खडकांवरही, पोरं पुढं तारामासे बघत असायची आणि मॅडम साडी खोचून चरीत, नजर पायाकडं. इतक्या सहली केल्या, पण त्यांनी स्वतः फारसं काही बघितलंच नाही... हे त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

गेल्या आठवड्यात राहिलेली तालीम झाली. नव्या मॅडम तरुण आहेत. "मामा, आखून द्याल ना?" म्हणाल्या. मी आखलं. दरवर्षी मॅडम विचारायच्या, "नक्की ना रे?" यंदा विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून चर दोनदा चालून बघितली. पोरं दगडांवर पसरली. चर मोकळीच. कुणाला तरी तिथं उभं राहायला सांगावं म्हणून मान वर केली आणि ध्यानात आलं, शिट्टी तर माझ्याच गळ्यात होती. सकाळी मॅडमच्या कपाटातनं मीच काढून आणली होती. चपला काढल्या, जाऊन उभा राहिलो. गोणपाटांचं पाणी उताराला लागून, फक्कीची कड मोडत, मागनं हळूहळू माझ्याकडं आलं. घोट्यापर्यंत ते येणं शक्यच नव्हतं. तळवे ओले झाले, तशी मी शिट्टी वाजवली.