लाखेच्या बांगड्यांचे माप

हुलसूरचे लोक म्हणतात, रुग्णांना हैदराबादला नेणारा तो जीपवाला नातेवाइकांना उगाच शहरभर भटकवतो. साफ खोटे. माझ्या पत्नीची शस्त्रक्रिया चालू असताना त्याच्यासोबत मी होतो, ते नव्हते. चारमिनारकडे पाठ करून त्याने मला लाखेच्या बांगड्या वळणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत नेले.

"अप्पा, अक्काच्या हाताचं माप सांगा."

"आत्ता बांगड्या कामून रे?"

"शुद्धीवर येतील अन् रिकामे हात बघून घाबरतील की!"

माप मला ठाऊक नव्हते. नर्सने उतरवून दिलेली तिची बांगडी त्यानेच खिशातून काढली. दवाखान्याचा निरोप ज्यावर येणार होता, तो दुसऱ्या हातातला फोन त्याने क्षणभरही सोडला नाही. तो वाजला तेव्हा माझ्याआधी त्यानेच कानाला लावला.

त्या बांगड्या आजही तिच्या हातात आहेत. शंका असेल त्याने येऊन पाहावे.