थॉर्नली सरांचा कुलवृत्तांत

गेल्या गुरुवारी दुबईत, अल कुसैसच्या आमच्या ऑफिसात माझ्या हातून जे घडलं, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात... लिहूनच टाकते.

आमचे एरॉल थॉर्नली सर रिटायर होत होते. जन्म लंडनचा, आई-वडील बार्बाडोस बेटावरून तिथे आलेले. सहा वर्षांपूर्वी मी नवीन असताना माझ्याकडून एक टेंडर चुकलं, तेव्हा "सही माझी आहे, चूकही माझीच" असं मालकांना सांगून त्यांनी माझी नोकरी वाचवली होती. अशा माणसाला निरोपाला पेन काय द्यायचं?

आणि मी पडले मराठी! आमच्या काकांनी वर्षानुवर्षं खपून घराण्याचा कुलवृत्तांत छापलाय. कुणाचंही आडनाव कळलं की मूळ गाव विचारल्याशिवाय मलाही चैन पडत नाही. मग काय, एका वेबसाइटवरून सरांच्या आडनावाचा इतिहास मागवला... जाडजूड कागद, वर ढालीचं चिन्ह. शारजाच्या रोल्ला बाजारातून सोनेरी फ्रेमही करून आणली.

वाचून तर मी खूशच झाले. थॉर्नली म्हणजे काटेरी झाडांमधली मोकळी जागा. त्यावरून गावाचं नाव, गावावरून आडनाव. म्हणजे आपले बाभूळगावकरच की हो! शिवाय खाली चक्क बार्बाडोसचा उल्लेख होता. म्हटलं, मूळ गावासकट सापडले सर.

केक कापायच्या आधी मी फ्रेम सरांच्या हातात दिली आणि तोच परिच्छेद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. घराण्याची एक शाखा बार्बाडोसला गेली, उसाचे मोठे मळे केले, पदरी तीनशे माणसं होती... कागदावर सगळं इंग्रजीत होतं, पण माझ्या डोक्यात ते कुलवृत्तांताच्या थाटात उमटत होतं. पदरी माणसं म्हणजे केवढं वैभव!

एकही टाळी वाजली नाही. शेजारी उभा असलेला अकाउंट्समधला शाजी हळूच म्हणाला, "मॅडम, बस... खलास करो."

सर फ्रेमकडे बघत होते. मग नेहमीच्याच शांत आवाजात म्हणाले, "त्या तीनशेंमध्ये माझी माणसं असतील. मळेवाल्यांचं आडनाव गुलामांना लागलं. आमचं स्वतःचं काय होतं, ते घरात कुणालाच माहीत नाही."

मी हादरले. सहा वर्षं त्यांचा आफ्रिकी वळणाचा चेहरा रोज बघत होते, ते इंग्रजी आडनाव रोज घेत होते, आणि हे दोन एकत्र आले कसे, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता... गुलामगिरीचा धडा शाळेत शिकले होते, मार्कही मिळवले होते. आणि आज त्यांच्या पूर्वजांना विकत घेणाऱ्यांची वंशावळ सोनेरी फ्रेममध्ये घालून त्यांनाच भेट दिली होती!

मी सॉरी सॉरी म्हणत फ्रेम काढून घ्यायला गेले. त्यांनी सोडली नाही.

"राहू दे," ते म्हणाले. "तीनशे... आम्हाला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बहिणीला दाखवतो." आणि त्यांनी केक कापला.

संध्याकाळी सामान गाडीत ठेवायला मी त्यांच्यासोबत पार्किंगपर्यंत गेले. "थॉर्नली सर, मला माफ करा," एवढंच कसंबसं म्हणाले.

"एरॉल म्हण," ते म्हणाले. "ते नाव माझ्या आईनं ठेवलंय."

वडीलधाऱ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायला आपली जीभ वळत नाही. मी दोनदा अडखळले, डोळे पुसले... आणि म्हणाले, "थँक यू, एरॉल."

ते मनापासून हसले. सहा वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांना त्यांच्या नावानं हाक मारली होती.