‘बसून’ नावाची खूण

भिवंडीत ‘बसला’ हा शब्द जपून वापरावा लागतो. कापड विणणारा लूम बसला म्हणजे बंद पडला, माणूस बसला म्हणजे त्याचं काम गेलं. माझे वडील बसले तेव्हा मी बारावीत होते. तेव्हापासून आई पूर्ण्याच्या एका गोदामात पॅकिंगला जाते. सकाळी साडेसहाला कामतघरच्या चाळीतून निघायचं, नारपोलीतल्या कारखान्यांमधून चालत पूर्णा गाठायचं, संध्याकाळी तसंच परत. शेवटच्या वळणावर रस्त्याला चालायला कडच नाही, कंटेनर अंगावर येतात. तिच्याबरोबरच्या एकीचा पाय तिथेच गेला.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी तो शब्द मी एका फाइलमध्ये वापरला, आणि वापरून हसले.

ठाण्याच्या एका छोट्या कंपनीत मी डेटाचं काम करते, तिथेच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. भिवंडीत नवी बस कुठून न्यायची, कुठे थांबवायची हे ठरवणाऱ्यांना लोक कुठून कुठे जातात ते हवं होतं. खऱ्या माणसांच्या वाटा कुणाच्या हातात द्यायच्या नाहीत, म्हणून आम्ही खोटी माणसं तयार करायची. थोड्या लोकांच्या फोनमध्ये ॲप टाकायचं, पंधरा दिवस त्यांचं जाणं-येणं टिपायचं, त्यावरून कॉम्प्युटरवरच्या मॉडेलला शिकवायचं. मग मॉडेल आपल्या मनाने हजारो माणसं शहरात चालवतं. नाव कुणाचंच नाही, पण गर्दी भिवंडीची. माझ्या गावाची गर्दी मी बनवणार, याची मला घमेंडच होती.

कामतघरला ॲप टाकायला मीच दारोदार फिरले. पहिला फोन आईचा.

“वळणावर थांबा हवा ना तुला? मग हे बंद करू नकोस. चार्जिंग संपू देऊ नकोस.”

“न्हाय करत,” ती म्हणाली, आणि शेजारच्या बायकांना तिनेच दम भरला, “माझे पोरीचा काम हाय, कोनी बंद करू नका.”

पंधरा दिवसांनी डेटा आला आणि सफाई माझ्याकडे आली. काही फोन जागचे हललेच नव्हते. कुठेतरी विसरलेले असतील, त्यांच्यापासून मॉडेल काय शिकणार? असे फोन वगळायचा नियम मी लिहिला आणि त्यांच्यापुढे खूण घातली, ‘बसून’. ऑफिसात सगळ्यांना मजा वाटली. भिवंडीची पोरगी आहे, असं कुणीतरी कौतुकाने म्हणालंही.

मॉडेल हुशार निघालं. पाळी सुटायच्या वेळी नारपोलीतून खोटे कामगार बाहेर पडायचे, चहाच्या टपरीवर थबकायचे, शेअर रिक्षा धरायचे. कंपनीचे सर खुर्चीतून उठून बघायला आले. बस ठरवणाऱ्यांकडे रिपोर्ट गेला. त्या दिवशी मी हौसेने स्क्रीनवर पूर्ण्याचं वळण मोठं करून सकाळचे सात लावले. बाइक होत्या, रिक्षा होत्या. चालणारं एक माणूस नव्हतं.

संध्याकाळी आईला फोन केला. “कामाला जाताना फोन कुठे असतो तुझा?”

“घरी, पिठाचे डब्यावर. गेटवर पेटीत जमा करून घेतात ना. मागं एकीचा त्या पेटीतनंच चोरीला गेला, तवापासून आम्ही कोनी न्हेतच न्हाय.” मग जरा घाबरून, “पन चालू हाय हां! चार्जरलाच लावलाय. बाजारात पन न्हेला न्हाय, चार्जिंग उतरंल म्हनून.”

दुसऱ्या दिवशी वगळलेली फाइल उघडली. आईचा क्रमांक सापडला. पंधरा दिवस, एकच ठिपका. पुढे माझीच खूण: बसून. खाली ओळीने आमच्या चाळीतल्या बायका, सगळ्या बसून. आमच्या घरात इतक्या वर्षांत जर कोणी एक दिवसही बसलं नसेल तर ती, आणि तिलाच मी बसवलं. शेण खाल्लं होतं मी.

सर वाईट माणूस नाहीत, म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “चूक समजली मला. पण पुन्हा सर्व्हे करायला वेळ नाही. आणि या बायका हाताने कशा घालणार? ते खोटं होईल.”

हजारो माणसं आम्ही हवेतून काढली ती चालली, आणि माझी आई घातली तर खोटं. हे तोंडावर बोलायला हवं होतं. मी “बरं सर” म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. नोकरी जाईल ही भीती होती, दुसरं काही नाही. रिपोर्टवर माझंही नाव होतं.

बस सुरू झाली. कामतघरहून सुटते, पूर्ण्याच्या वळणावरून न थांबता जाते. पुढच्या थांब्यावर उतरलं तर गोदामाकडे कंटेनरच्या गर्दीतूनच तेवढं उलट चालावं लागतं, म्हणून बायका घरापासूनच चालतात.

गेल्या रविवारी घरी गेले तर आई दारात शेजारणींना सांगत होती, “ही बस माझे पोरीनं आनली.” वळणावर पाय गेलेल्या त्या बाईने विचारलं, मग आपल्या वळणावर का थांबत नाही? आई म्हणाली, “थांबंल. जरा दम धरा.” मला तिथे उभं राहवेना. पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले.

पिठाच्या डब्यावर फोन होता, चार्जरला लावलेला. ॲपचा हिरवा ठिपका चालू.

आई मागून आत आली. मी विचारलं, “हे अजून का चालू ठेवलंस? पंधरा दिवस कधीच झाले.”

“थांबा झाला न्हाय ना अजून,” ती म्हणाली. “मी म्हनलं, त्यांना माझा चालनं अजून बघायचं असंल.”